सुपरकोच २०२५: मधल्या किमतीचे खेळाडू किती घ्यावेत आणि कोणते?

शिशिर_टार्नीट | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.१०

मंडळी, एएफएलचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा) हंगाम तीन आठवड्यांवर आला. आमच्या ऑफिसात सुपरकोचची लीग आहे. वरचे आणि खालचे खेळाडू ठरले, पण घोडं अडलंय ते मधल्या किमतीच्या खेळाडूंपाशी.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे. साधारण १ कोटी डॉलरांत ३० जणांचा संघ बांधायचा: ८ डिफेंडर, ११ मिड (मधल्या फळीचे), ३ रक (उंच चेंडूसाठी उडी मारणारे), ८ फॉरवर्ड. त्यातले २२ मैदानात, ८ बाकावर. खेळाडूची सुरुवातीची किंमत मुख्यतः गेल्या हंगामातल्या सरासरीवरून ठरते आणि पुढे कामगिरीप्रमाणे चढते-उतरते. वरच्या टोकाला सहा-सात लाखांचे प्रीमियम, खालच्या टोकाला लाख-सव्वा लाखाचे रूकी, म्हणजे नवखे. यांच्या मध्ये जे ३ ते ५ लाखांचे असतात, त्यांच्याबद्दल हा धागा.

माझी यादी: बेली स्मिथ (जिलाँग), क्लेटन ऑलिव्हर (मेलबर्न), जॅक मक्रे (सेंट किल्डा), केलेब डॅनियल आणि ल्यूक पार्कर (दोघे नॉर्थ मेलबर्न).

माझं मत असं: मधल्या किमतीचा खेळाडू घेताना त्याची किंमत का पडली हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते कारण यंदा उरलेलं नसलं पाहिजे. नुसतं 'यंदा चांगला खेळेल असं वाटतं' हे कारण धरायचं नाही. तुमचं काय म्हणणं? पाचही घेऊ की काही गाळू?

---

कोकणी_कांगारू | १७ फेब्रुवारी, रात्री ९.३२

एकही घेऊ नका. वर प्रीमियम, खाली रूकी, मध्ये मोकळं मैदान. रूकीची किंमत वाढली की तो विकायचा आणि त्या पैशात प्रीमियम आणायचा. जुनी, सिद्ध झालेली रीत आहे. मधला खेळाडू ना भरपूर गुण देतो ना भरपूर पैसा.

---

पेठकर_पुणे | १७ फेब्रुवारी, रात्री १०.०५

हे आपल्या ड्रीम इलेव्हनसारखंच ना? मग एवढा विचार कशाला, सामना आला की संघ लावायचा.

---

सायली_ॲडलेड | १७ फेब्रुवारी, रात्री १०.४८

@पेठकर, मोठा फरक आहे. ड्रीम इलेव्हनमध्ये एका सामन्यापुरता संघ असतो, सामना संपला की पाटी कोरी. इथे मार्चमध्ये घेतलेला खेळाडू ऑगस्टपर्यंत तुमच्या गळ्यात असतो. बदलायचा तर ट्रेड खर्च होतो, आणि सुपरकोचात हंगामभराचे ट्रेड मोजून मिळतात.

शिशिर, एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर धाग्यात गोंधळ होईल. एएफएल फँटसी आणि सुपरकोच हे दोन वेगळे खेळ आहेत. फँटसीत गुण सरळ आहेत: किक ३, हँडबॉल (हाताने ठोसून दिलेला पास) २, मार्क (किकचा झेल) ३, टॅकल ४, गोल ६, बिहाइंड (थोडक्यात हुकलेला गोल) १, हिटआउट (रकने साथीदाराकडे ठोकलेला चेंडू) १, आणि आपल्याविरुद्ध फ्री किक गेली तर वजा ३. शिवाय दर आठवड्याला दोन ट्रेड हक्काने मिळतात. त्यामुळे तिथे मधल्या किमतीचे चार-पाच खेळाडू घेऊन, दोन फसले तर दोन आठवड्यांत निस्तरता येतं. सुपरकोचात सामन्यातले सगळे मिळून ३३०० गुण वाटले जातात, अचूक लांब किकला जास्त मोल, वाया घालवलेल्या चेंडूला उणे. आणि किंमत हलायला खेळाडूचे तीन सामने व्हावे लागतात. म्हणजे चुकीची निवड तीन आठवडे तशीच पडून राहते.

मी फँटसी खेळते, तिथे मी मधले बिनधास्त घेते. तुझ्या जागी हात आखडता घेतला असता.

---

आकडेमोडे | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

कोकणी आणि शिशिर दोघांचं म्हणणं आकड्यांत तपासू.

ढोबळमानाने सुपरकोचात सरासरीच्या एका गुणाला साडेपाच हजार डॉलर पडतात. म्हणजे ४ लाखांचा खेळाडू तुम्हाला ७२-७३ सरासरीच्या भावाने मिळतो. आता समजा हातात ८ लाख आहेत. एक वाट: ६.८ लाखांचा प्रीमियम आणि १.२ लाखाचा रूकी. प्रीमियमने १२० काढले, रूकीने ६०, एकूण १८०. दुसरी वाट: ४-४ लाखांचे दोन मधले. बरोबरीला यायचं तर दोघांनीही ९० काढले पाहिजेत, एकाने नव्हे.

पैशाकडून बघा. ६० सरासरीचा रूकी सव्वातीन लाखांपर्यंत चढतो, म्हणजे २ लाखांची कमाई. मधले दोघे ९० च्या सरासरीने खेळले तर प्रत्येकी पाच लाखांच्या जरा खाली पोचतात, दोघांची मिळून कमाई पुन्हा २ लाखांच्या आसपासच. म्हणजे ९० ला दोन्ही वाटा समसमान.

पण खरी मेख पुढे आहे. पहिल्या वाटेत प्रीमियम जागेवरच राहतो, फक्त रूकी बदलायचा: एक ट्रेड. दुसऱ्या वाटेत दोघेही ९० वाले, दोघांच्या जागी प्रीमियम आणायचे: दोन ट्रेड. म्हणून मधल्या किमतीच्या खेळाडूने आपल्या भावापेक्षा २० ते २५ गुण जास्त काढले पाहिजेत, किंवा तो शेवटपर्यंत ठेवण्याजोगा तरी निघाला पाहिजे. या कसोटीला पाच जण एकदम उतरणं फार कठीण आहे. एक किंवा दोन.

---

कोकणी_कांगारू | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.४१

आकडेमोडे यांनी माझंच म्हणणं सव्याज मांडलं. धन्यवाद :)

---

नीलांबरी | १८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

थांबा, कोकणी, एवढ्यात आनंद नको. त्या हिशेबात एक गृहीत दडलंय: रूकी दर आठवड्याला खेळतो आणि ६० काढतो. प्रत्यक्षात? अर्धे रूकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संघाबाहेर जातात. काही सब (बदली खेळाडू) म्हणून बसतात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये उतरून पंधरा-वीस गुण आणतात. ज्या रांगेत भरवशाचे रूकी नाहीत, तिथे मधला खेळाडू घेणं हा शौक नसून गरज असते. यंदा मिडमध्ये तरुण बरे दिसताहेत: रिचमंडचा सॅम लॅलॉर हा गेल्या ड्राफ्टमधला (क्लब नवे खेळाडू निवडतात त्यातला) पहिला, नॉर्थचा फिन ओ'सुलिव्हन दुसरा, ब्रिस्बेनचा लेव्हाय ॲशक्रॉफ्ट. अर्थात वरच्या क्रमांकाच्या पोरांची किंमतही इतर रूकींपेक्षा जास्त असते. पण बचावफळीत पाहा, रूकी शोधून दमाल. म्हणून आधी प्रत्येक रांगेत खात्रीचे रूकी किती ते मोजावं आणि मग मधल्यांचा आकडा ठरवावा.

आता शिशिरच्या मूळ मुद्द्याकडे. किंमत पडण्याचं कारण आणि ते कारण संपणं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही: ब्रॉडी ग्रंडी. कॉलिंगवूडला असताना तो लीगमधला अव्वल रक. २०२२ संपताना मेलबर्नला गेला, तिथे आधीच मॅक्स गॉन. एका संघात दोन मोठे रक, काम अर्धं अर्धं वाटलं गेलं, ग्रंडीचे गुण घसरले, हंगामाच्या उत्तरार्धात तर त्याला व्हीएफएलमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या लीगमध्ये, खेळावं लागलं. २०२३ संपल्यावर तो सिडनीला गेला, आणि तिथे एकटा रक. त्याची किंमत मात्र ठरली होती २०२३ च्या सरासरीवर. सुपरकोच मागच्या वर्षाकडे बघून किंमत लावतो, पुढे काय बदललंय ते त्याला कळत नाही. ते आपण वाचायचं असतं. २०२४ मध्ये ज्यांनी ग्रंडी सुरुवातीपासून ठेवला त्यांना रकमध्ये वर्षभर बघावं लागलं नाही.

तसाच पॅट्रिक क्रिप्स. २०२१ चं वर्ष दुखण्यात गेलं, किंमत उतरली. २०२२ मध्ये अंग मोकळं झालं आणि त्याने ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं. दोन्ही ठिकाणी खेळाडू तोच होता. आडवी आलेली गोष्ट बाजूला झाली, इतकंच.

---

टगेराव | १८ फेब्रुवारी, दुपारी १.२८

शिशिरभाऊ, एक लक्षात आलं का? यादीतले पाचातले तिघे मागच्या वर्षापर्यंत वेस्टर्न बुलडॉग्जचे. स्मिथ, मक्रे, डॅनियल. तुम्ही संघ बांधताय की बुलडॉग्जचं स्नेहसंमेलन भरवताय?

---

नीलांबरी | १८ फेब्रुवारी, दुपारी १.४०

@टगेराव, हसलात पण मुद्दा पकडलात! तिघांची किंमत पडण्यामागे बुलडॉग्जचे प्रशिक्षक बेव्हरिज आहेत. ल्यूक बेव्हरिज खेळाडूंना इकडून तिकडे हलवतात. आज मिड, उद्या विंग, परवा हाफ फॉरवर्ड. बुलडॉग्जना २०१६ चं विजेतेपद त्यांनीच मिळवून दिलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण फँटसीवाल्यांच्या डोक्याला ताप आहे तो. मक्रे कित्येक वर्षं चेंडूचं चुंबक होता, तो २०२४ मध्ये मधल्या फळीतून बाहेर फेकला गेला, व्हीएफएललाही गेला. स्मिथचं २०२४ गुडघ्याच्या एसीएलने (अस्थिबंधाच्या दुखापतीने) अख्खं खाल्लं, पण त्याआधीही त्याला मध्ये सलग उभं करत नव्हते.

---

शिशिर_टार्नीट | १८ फेब्रुवारी, रात्री ८.५५

वा, हे तिघे एका माळेचे आहेत हे यादी करताना डोक्यात आलंच नव्हतं. प्रशिक्षक बदलला की कारण संपलं, असं धरता येईल का?

---

मधुकाका_जिलाँग | १८ फेब्रुवारी, रात्री ९.३०

शिशिर, बाळा, स्मिथबद्दल बिलकुल शंका ठेवू नकोस. मी गेली कित्येक वर्षं कार्डिनिया पार्कवर जातो आहे, क्लबचा सभासद आहे. दुसऱ्या क्लबांतून आलेल्या माणसाला जिलाँग कसं वापरतं ते बघ. डेंजरफील्ड ॲडलेडहून आला, पहिल्याच वर्षी, २०१६ ला, ब्राउनलो. आयझॅक स्मिथ हॉथॉर्नहून आला, २०२२ च्या ग्रँड फायनलला सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल त्याच्या गळ्यात. टायसन स्टेंगलला ॲडलेडने सोडून दिलं होतं, आमच्याकडे येऊन पहिल्याच हंगामात ऑल-ऑस्ट्रेलियन (लीगच्या सर्वोत्तम संघात) झाला. आमचा प्रशिक्षक ख्रिस स्कॉट माणसाचा गुण बघतो आणि ते काम त्याला देतो. बेलीला धावायला आवडतं, आमच्या मधल्या फळीला धावणारा हवाच होता.

---

कोकणी_कांगारू | १८ फेब्रुवारी, रात्री ९.५२

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एसीएलनंतरचं पहिलं वर्ष आहे त्याचं. दुखापतीतून आलेल्या माणसावर चार लाख लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ. मॅट रॉवेल आठवा. २०२० ला पाच सामन्यांत सगळ्यांना वेड लावलं, खांदा गेला. २०२१ ला लोकांनी डोळे मिटून घेतला, पहिल्याच सामन्यात गुडघा. त्याच वर्षी जाय कॉल्डवेल जीडब्ल्यूएसहून एसेंडनला आला, मधल्या फळीत जागा मिळणार म्हणून प्रत्येक संघात होता, आणि हंगाम सुरू होतो न होतो तोच मांडीचा स्नायू धरला. कारण संपलेलं होतं, जागा मिळालेली होती, शिशिरची कसोटी दोघेही पास झाले असते. शरीराने साथ दिली नाही.

---

आकडेमोडे | १८ फेब्रुवारी, रात्री १०.१०

खरं आहे, पण दुखापत प्रीमियमलाही होते, आणि तेव्हा सात लाख अडकतात. दुखापतीची भीती हा फक्त मधल्यांच्या विरोधातला मुद्दा कसा होईल?

शिवाय स्मिथ बहुतेक सगळ्यांच्या संघात असणार. ज्याला बहुसंख्य लोक घेतात तो फसला तर सगळेच मागे पडतात, तुमचं स्थान फारसं हलत नाही. तो चालला आणि तुमच्याकडे नसला, तर दर आठवड्याला एकटे मागे राहता. अशा खेळाडूला न घेणं हाच मोठा जुगार आहे.

---

गार्गी_नवी | १९ फेब्रुवारी, सकाळी १०.०२

मी यंदा पहिल्यांदाच खेळणार आहे. मुलगा ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटबॉल वर्गाला) जातो, त्याच्यामुळे हा खेळ घरात आला. इथे मेलबर्नला आल्यावर शेजाऱ्यांनी नाव विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न, 'कुठल्या क्लबच्या?' आता शाळेच्या दारात रोज तोच विषय. माझा बाळबोध प्रश्न: 'मध्ये खेळणार', 'मधली फळी' हे सगळे म्हणताय ते ओळखायचं कसं? मैदानात तर सगळेच सगळीकडे धावताना दिसतात!

---

सायली_ॲडलेड | १९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

गार्गी, स्वागत! प्रश्न बाळबोध नाही, सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

यंदाच्या, २०२५ च्या रीतीप्रमाणे प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर पंच मैदानाच्या मधोमध चेंडू आपटतो, तो सेंटर बाउन्स. २०१९ पासून नियम आहे की त्या वेळी दोन्ही टोकांना सहा-सहा आणि मध्ये सहा खेळाडू हवेत. मधल्या सहांपैकी दोघे विंगवर, म्हणजे चौकोनात प्रत्येक संघाचे फक्त चार: एक रक आणि तीन मिड. सामनाभरातल्या बाउन्सपैकी किती वेळा कोण त्या चौकोनात होता याची आकडेवारी मिळते, तिला सीबीए म्हणतात. सराव सामना बघताना गुण बघू नकोस. प्रत्येक गोलनंतर चौकोनात कोण उभा राहतो एवढं कागदावर लिही. ज्याचं नाव चारांत तीनदा येतं तो खरा मिड.

डिफेंडरसाठी दुसरी खूण: विरोधी संघाचा बिहाइंड झाल्यावर चेंडू आत कोण मारतो? त्याने गोलचौकोनातून बाहेर पळत येऊन किक मारली तर ती त्याच्या खात्यात किक म्हणून धरतात. सामन्यात अशा सहा-सात मिळाल्या तरी फरक दिसतो.

---

गार्गी_नवी | १९ फेब्रुवारी, सकाळी ११.४४

फार छान समजावलंत सायलीताई. या रविवारी मुलाला वही घेऊन बसवते :)

---

पेठकर_पुणे | १९ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

रात्री बसून यूट्यूबवर दोन सामने बघितले. क्रिकेटच्या मैदानावर हे सगळं चालतं? एमसीजीवर? आणि मधली खेळपट्टी?

---

मधुकाका_जिलाँग | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

अरे, हा खेळ जन्मालाच क्रिकेटमुळे आला. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग सुटू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा. १८५९ ला मेलबर्नला नियम लिहिले गेले. आणि शेन वॉर्न माहीत आहे ना? तो पोरवयात सेंट किल्डाच्या १९ वर्षांखालील संघातून हाच खेळ खेळायचा. तिथे जमलं नाही म्हणून क्रिकेटला मिळाला. खेळपट्टी हिवाळ्यात काढून ठेवतात, बाहेर तयार करून परत बसवतात.

---

टगेराव | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

सेंट किल्डाचे आभार मानायला हवेत की इंग्लंडने त्यांच्यावर खटला भरायला हवा?

---

हिरवी_मिरची | १९ फेब्रुवारी, रात्री ८.००

विषयांतर होतंय तर माझंही एक. एमसीजीवर शाकाहारी माणसाने चार क्वार्टर काय खाऊन काढावेत? मीट पायच्या वासाने पोट भरत नाही.

---

नीलांबरी | १९ फेब्रुवारी, रात्री ८.२१

@हिरवी_मिरची, घरून पोळी-भाजीचे रोल घेऊन जा. आम्ही दरवेळी नेतो, डबा दिसला की शेजारच्या रांगेतले वास घेत विचारतात. आता मूळ विषयावर या, शिशिर वाट बघतोय.

ऑलिव्हरबद्दल कोणीच बोललेलं नाही. मेलबर्नचा बेस्ट अँड फेअरेस्ट (क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) चार वेळा मिळवलेला माणूस आहे. २०२४ ची तयारी विस्कटलेली, हाताची दुखापत, सरासरी घसरली. कारण स्पष्ट आहे, जागाही तीच आहे, क्लबही तोच.

---

आकडेमोडे | १९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

ऑलिव्हरला मी मधल्यांत धरतच नाही. त्याची किंमत मधल्यांच्या वरच्या काठाला आहे. तो सुधारला तर प्रीमियमच होतो आणि शेवटपर्यंत राहतो. त्याला 'स्वस्तातला प्रीमियम' म्हणून प्रीमियमच्या रकान्यात लिहा. तिथे प्रश्न एवढाच: ७ लाखांच्या माणसाऐवजी हा घेऊन वाचलेले पैसे कुठे लावणार? त्याचं उत्तर तयार नसेल तर वाचवून उपयोग नाही.

ल्यूक पार्करला मात्र माझा विरोध आहे. सिडनीत त्याने प्रचंड फुटबॉल खेळलंय, पण वय ३२, आणि नॉर्थला मधल्या फळीत शीझल, डेव्हिस-युनियॅक, वॉर्डलॉ, वर ओ'सुलिव्हन. तरुणांना घडवायला त्याला आणलंय. त्या चौकोनात तीनच मिड उभे राहतात. पार्कर त्यांतला एक का असेल, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही. शिशिर, तुझीच कसोटी.

---

शिशिर_टार्नीट | १९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मान्य. पार्कर यादीतून बाहेर. डॅनियल?

---

सायली_ॲडलेड | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१२

डॅनियलला ठेव, निदान सराव सामन्यांपर्यंत. लीगमधल्या सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एक, पण पायात जादू आहे. सुपरकोचात अचूक किकचे गुण असल्यामुळे तो फँटसीपेक्षा तिथे जास्त शोभतो. शिवाय शीझल जितका पुढे मिडमध्ये जाईल तितकी नॉर्थच्या मागच्या फळीत चेंडू बाहेर काढणाऱ्याची जागा मोकळी होईल. आठवतं ना, २०२२ ला शीझल फॉरवर्ड म्हणून ड्राफ्ट झाला, २०२३ ला पहिल्याच सामन्यात हाफ बॅकला खेळला आणि ३४ वेळा चेंडू मिळवला. ती जागा नॉर्थमध्ये गुण देते हे आपण पाहिलंय. आणि नीलांबरी म्हणाली तसं, डिफेंडरमध्ये रूकींचा दुष्काळ आहेच.

---

कोकणी_कांगारू | १९ फेब्रुवारी, रात्री १०.३०

विल सेटरफील्डचं पण सांगा कोणीतरी. २०२३ ला कार्लटनहून एसेंडनला आला, सुरुवातीचे आठवडे धडाधड गुण, सगळे खूश. मग दुखापत. ज्यांनी वेळेवर विकला त्यांचा फायदा, जे प्रेमात पडले ते अडकले. मधला घ्यायचाच असेल तर विकायचा मुहूर्त आधी ठरवा.

---

नीलांबरी | १९ फेब्रुवारी, रात्री १०.४५

+१. कोकणी, हे तुम्ही लाख मोलाचं बोललात. आणि मधल्यांना हळूच मान्यताही दिलीत, मी नोंद केली आहे :)

---

शिशिर_टार्नीट | ५ मार्च, रात्री ८.१५

धागा वर काढतो. ओपनिंग राउंडचे (पहिल्या आठवड्याआधीच्या मोजक्या सामन्यांचे) गुण आपल्या संघात धरत नाहीत, म्हणून उद्या गॅबावर ब्रिस्बेन–जिलाँग बघून स्मिथचं नक्की करू असा बेत होता. आता आल्फ्रेड चक्रीवादळामुळे तो सामनाच पुढे गेला, गोल्ड कोस्ट–एसेंडनही. आमचे काही मित्र ब्रिस्बेनला आहेत, ते वाळूच्या पिशव्या भरताहेत. सगळे सुखरूप राहोत. फुटबॉल काय, थांबेल.

---

मधुकाका_जिलाँग | ५ मार्च, रात्री ८.५०

माझा भाचा गोल्ड कोस्टला आहे, त्याच्याशी सकाळीच बोललो. पाणी, बॅटऱ्या भरून ठेवलेत. तिकडे असलेल्या सगळ्यांनो, घर सोडा असं सांगितलं तर सोडा. खिडक्यांपासून लांब राहा.

---

आकडेमोडे | ५ मार्च, रात्री ९.२०

ब्रिस्बेनकर मंडळींनो, काळजी घ्या. इथे अधूनमधून खुशाली कळवत राहा.

शिशिर, खेळापुरतं सांगतो. तो सामना आता तिसऱ्या आठवड्यात खेळवणार आहेत, म्हणजे जिलाँगचा तिथला लवकरचा बाय (सुट्टीचा आठवडा) गेला. स्मिथ न बघता घ्यावा लागेल हे खरं, पण बायच्या आठवड्यात त्याच्या जागी कोण, ही चिंता मिटली. माझ्या दृष्टीने तो आता आधीपेक्षा बरा पर्याय आहे.

---

सायली_ॲडलेड | ६ मार्च, सकाळी ९.०५

अनुमोदन. आणि मक्रेला विसरू नका. पहिल्या आठवड्यात सेंट किल्डा आमच्या ॲडलेड ओव्हलवर येतंय, रविवारी १६ तारखेला. मी क्रोज (ॲडलेड) समर्थक आहे, त्यामुळे मक्रेने भरपूर चेंडू मिळवावेत आणि सेंट किल्डाने सडकून हरावं अशी प्रार्थना करणार आहे. सामना रविवारचा आहे, म्हणजे संघ जाहीर होईपर्यंत वाट बघून त्याला शेवटच्या क्षणी बदलायची मुभा राहते. लॉकआउट, म्हणजे बदल बंद होणं, सामन्यागणिक लागतो.

---

शिशिर_टार्नीट | ११ मार्च, रात्री १०.००

ठरलं. ऑलिव्हर प्रीमियमच्या रकान्यात. मधले तीन: स्मिथ, मक्रे आणि बचावफळीत डॅनियल. पार्करचे पैसे खाली सरकवून एक जास्त किमतीचा रूकी घेतला, सॅम लॅलॉर. कोकणींच्या सल्ल्याने तिघांपुढे विकायची वेळ लिहून ठेवली आहे. डॅनियलला सलग तीन सामने मागून किक मारायला मिळाल्या नाहीत तर तो जाणार. मक्रे चौकोनात दिसेनासा झाला तर तोही. स्मिथला मात्र दुखापत सोडून कशासाठीही हात लावणार नाही.

---

कोकणी_कांगारू | ११ मार्च, रात्री १०.१४

तीन म्हणजे माझ्या हिशेबात अजूनही तीन जास्तच. पण प्रत्येकापुढे कारण आणि तारीख लिहिलेली आहे, तेव्हा भांडायला जागा ठेवली नाहीस. डॅनियलच्या जागी लागला तर एक रूकी डिफेंडर बाकावर ठेव, म्हणजे तो हलवताना एकाच ट्रेडमध्ये काम होईल.

---

गार्गी_नवी | १२ मार्च, सकाळी ८.३०

मुलाच्या वहीत दोन सामन्यांचे चौकोन भरले! माझ्या संघातही स्मिथ आणि डॅनियल. एक विचारायचं होतं, गुरुवारी रिचमंड–कार्लटन सुरू झाला की सगळाच संघ बंद होतो का?

---

आकडेमोडे | १२ मार्च, सकाळी ८.५२

नाही, गार्गी. गुरुवारी १३ तारखेला एमसीजीवर चेंडू पडला की फक्त रिचमंड आणि कार्लटनचे खेळाडू बंद होतात. बाकीचे आपापला सामना सुरू होईपर्यंत बदलता येतात. तुझ्याकडे लॅलॉर किंवा कार्लटनचा कोणी असेल तर तेवढं गुरुवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत नक्की करून ठेव.